‘मुगल-ए-आझम’ आणि त्याचे टीकाकार



‘मुगल-ए-आझम’ या बोलपटावर दोन आक्षेप आमच्या कानी वारंवार येतात. अनारकली इतिहासात नाही, हा पहिला. तो आम्हांस मान्य आहे; ‘अकबरनाम्या’त तिचा उल्लेख नाही. परंतु सलीमचे बंड काल्पनिक नव्हे. इ. स. १६०२ मध्ये अबुल फझलचा वध आपल्याच चिथावणीने झाला, हे त्याने पुढे जहांगीर म्हणून लिहिलेल्या आठवणींत कबूल केले आहे. वैर खरे, के. आसिफ यांनी कारण तेवढे दंतकथेतून घेतले. बखरींवर पोसलेल्या आपण मंडळींनी त्यास नाक मुरडावे, हे नवलच!

दुसरा आक्षेप आपल्याच घरांतील वडीलधाऱ्यांचा: हे चित्र मुलांना बापावर उठविते. त्यांनी दुर्गाबाई खोटे यांची जोधाबाई नीट पाहिली आहे काय? एकीकडे पती, दुसरीकडे पोटचा पुत्र, आणि मध्ये रणांगण! पृथ्वीराज कपूर यांचा अकबरही दुष्ट नव्हे. अनारकलीच्या आईस दिलेल्या वचनाखातर तो तिला गुप्तपणे जिवंत सोडतो आणि मुलाच्या दृष्टीने मात्र निर्दयच ठरतो. घरात लग्नावरून वाद झालेल्या कोणत्या पित्यास हे परके वाटेल?

युद्धप्रसंग लांबले आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण शीशमहालातील आरशाआरशांतून मधुबाला नाचू लागते, तेव्हा घड्याळाकडे कोण पाहतो? ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या ‘मराठा मंदिरा’त हे चित्र लागले, २००४ साली ते संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा आले. शीशमहालाचा तो प्रवेश मात्र पहिल्यापासूनच रंगीत होता. आक्षेप घेणाऱ्यांनी तो एकदा मुलांना शेजारी बसवून पाहावा.