ग्रंथालयाचा ताळेबंद

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर काशीमीरा वसले आहे. येथील लहानमोठ्या कारखान्यांत माल किती आला, किती उठला, कामगार किती मिनिटे उशिरा पोहोचला, याची चोख नोंद होते. गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे तोटा, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही.

ग्रंथालयांचा हिशेब निराळ्या रीतीने मांडला जातो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालील नियमांनुसार शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. या वर्गवारीत ग्रंथसंख्येला वजन आहे. साहजिकच कपाटे भरतात. पुस्तक कोणाच्या हाती गेले, हा प्रश्न मागे पडतो.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हे त्यांतले पहिले. वाचकाचा वेळ वाचविला पाहिजे, हे चौथे. या कसोटीवर, पाळी संपवून आलेल्या कामगाराला बंद दार दाखविणारे ग्रंथालय तोट्यातच आहे, मग त्याची कपाटे कितीही भरलेली असोत.

व्यापाराकडून नोंदीची शिस्त घ्यावी, नफ्याची दृष्टी नव्हे. एखाद्याच वाचकाला लागणारा ग्रंथ राखणे हा ग्रंथालयाचा धर्मच आहे. परंतु मागितलेले कोणते पुस्तक मिळाले नाही, हे रोज टिपावे. कारखान्यांच्या पाळ्या पाहून वेळा ठरवाव्यात. कारखान्याची वही मालक तपासतो. ग्रंथालयाची वही काशीमीऱ्याच्या कामगाराला तपासता आली पाहिजे. अनुदानाचा पैसा त्याच्याही घामाचा आहे.