वेड आधीचं, पैसा मागाहूनचा

फुटबॉलचा विश्वचषक जगभर एवढा लोकप्रिय का? टीव्ही आणि जाहिरातींच्या पैशामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. 1930 साली उरुग्वेत पहिली स्पर्धा झाली तेव्हा संघ अवघे 13 होते, टीव्हीवर प्रक्षेपण नव्हतं. युरोपचे चार संघ बोटीने अटलांटिक ओलांडून आले. उरुग्वे-अर्जेंटिना अंतिम सामन्यात चेंडू कोणाचा, यावरून वाद पेटला. शेवटी पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळवला. मध्यंतराला 2-1 असा मागे असलेला उरुग्वे 4-2 ने जिंकला. म्हणजे वेड आधीचं, पैसा मागाहून आला.

त्या वेडाचं मूळ खेळाच्या स्वस्ताईत आहे: चेंडू आणि मोकळी जागा, झालं. पुरावा आपल्या जवळच आहे. नागपुरात विजय बारसे यांनी 2001 साली झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ हा चित्रपट त्यांच्याच कामावर बेतलेला. मग 2022 पर्यंतच्या 22 स्पर्धा आठच देशांनी का जिंकल्या? प्रश्न रास्त आहे. खेळणं स्वस्त असलं तरी जिंकणं महाग. त्याला मैदानं, प्रशिक्षक आणि लहानपणापासूनचे सामने लागतात. 1950 च्या विश्वचषकात खेळण्याची भारतालाही संधी होती. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही, ही कथा अजून चघळली जाते. पण आपल्या फुटबॉल संघटनेला ऑलिंपिकच मोठं वाटत होतं, हे कारण जास्त पटतं. जिंकायचं तर लहानपणापासून खेळायला हवं, म्हणून आपल्या गावच्या शाळेत, आश्रमशाळेत फुटबॉल आहे का, आणि असला तर तो कपाटाबाहेर येतो का, एवढं जरूर विचारा.