विद्युत्कणांची लेखणी

पालघरच्या उत्तरेस बोईसर आणि बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकांठीं तारापूर. तेथील अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. या जातीच्या भट्ट्यांतील न गंजणाऱ्या पोलादी नळांस बारीक भेगा पडतात, असें १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत व अन्यत्र आढळून आलें. ही भेग पोलादाच्या कणाकणांमधील सांध्यांतून चोरपावलांनीं पुढें सरकते. नळांत भेग आहे, हें ध्वनिलहरींच्या साह्यानें कळतें. ती कां पडली, हें मात्र तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून कळत नाहीं.

साधा सूक्ष्मदर्शक येथें लवकरच थकतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रकाशाच्या लहरीच सुमारें अर्धा मायक्रॉन लांबीच्या, तेव्हां ०.२ मायक्रॉनहून जवळ असलेले दोन बिंदु त्यांतून एकच दिसतात. १९३१ सालीं बर्लिन येथें माक्स क्नोल व अर्न्स्ट रुस्का यांनीं प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांचा उपयोग केला. या कार्यासाठीं रुस्का यांस १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणाऱ्या भागास ‘इलेक्ट्रॉन बंदूक’ म्हणतात. तींत केसांच्या आंकड्याप्रमाणें वांकविलेली टंगस्टनची तार निर्वात पोकळींत सुमारें २४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. तिच्याभोंवतीं ऋण विद्युद्दाबाची टोपी, आणि पुढें मधोमध भोंक असलेली धन तबकडी. टोपी इलेक्ट्रॉनांस आवरते, तबकडी त्यांस ओढून घेते, आणि झोत एका ठिकाणीं आकसतो. पुढें चुंबकीय भिंगें तो आणखी बारीक करतात. हा बिंदु नमुन्यावरून ओळीओळीनें फिरतो, आणि तेथून परतणारे इलेक्ट्रॉन मोजून ठिकठिकाणची नोंद होते. पूर्वीं ती फोटोच्या फिल्मवर उतरवीत. आतां ती संगणकांत सांठवितात.

खरी अडचण यापुढेंच आहे. बिंदूचा व्यास निम्मा केला, तर त्यांतील प्रवाह चतुर्थांशच उरतो. मग चित्र खरखरीत येतें, आणि तें स्वच्छ यावें म्हणून झोत सावकाश फिरवावा लागतो. तेवढ्या वेळांत नमुना किंचित् जरी सरकला, तरी नोंद बिघडते. प्रवाह वाढविण्यासाठीं तार अधिक तापवावी, तर ती लवकर तुटते. म्हणून लँथॅनम हेक्साबोराइडचा स्फटिक वापरांत आला. तो कमी तापूनही टंगस्टनच्या सुमारें दसपट तेजस्वी झोत देतो; मात्र त्यास अधिक चांगली निर्वात पोकळी लागते.

किती बारीक पाहावयाचें, किती वेळांत आणि किती खर्चांत, या तिहींचा मेळ घालणें हेंच बंदुकीच्या रचनाकाराचें कौशल्य होय. भेगेचें मूळ पुराव्यानें कळलें, तरच नळाचें पोलाद बदलावें, त्याचा ताण कमी करावा, कीं आंतील पाण्याची शुद्धता सांभाळावी, हें ठरवितां येतें. अणुभट्टीच्या शेजारीं नांदणाऱ्या गांवांची निश्चिंतता अशा बारीक नोंदींवर पुष्कळ अंशीं अवलंबून असते.