इटली, गुडघे आणि एक छत्री

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला ‘निवृत्तीनंतरची भटकंती’ आणि वेळ दिली दहा मिनिटं. त्यातली दोन माईक खाकरण्यात गेली. तेव्हा प्रस्तावना न करता सरळ इटलीत उतरतो.

मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. तीन वर्षं त्याचं घरी येणं झालं नव्हतं. आधी काम, मग नात झाली. मागच्या वर्षी तोच म्हणाला, “बाबा, तुम्हीच या. आपण सगळे मिळून इटली पाहू.” चार दिवसांत मोबाईलवर तक्ता आला. रोम, नेपल्स, पिसा, फ्लॉरेन्स, मिलान, व्हेनिस. आठ रात्री, सहा गावं. हिनं चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, “बाप्पा! ही सहल हाये का निवडणुकीचा दौरा?”

हिच्या गुडघ्यांनी पन्नाशीतच राजीनामा दिलेला आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. काल जेवणाच्या पंगतीत गुडघ्यांवर जी चर्चा झाली, त्यावरून आपल्या १९७८ च्या तुकडीत हा आजार सार्वजनिक दिसतो.

मग दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाला. आम्ही गावं कापायचो, तो जोडायचा. नेपल्स गेलं, मिलान गेलं, पिसाचा मनोरा फोटोत पाहून घ्यायचं ठरलं. मला स्वतःला कॅसिनोला जायचं होतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. पण जाऊन येऊन पुरा दिवस जातो. ते मीच कापलं, आणि मला अजून हळहळ आहे.

शेवटी उरलं ते असं: रोम तीन रात्री, फ्लॉरेन्स तीन, व्हेनिस दोन. रोमला उतरायचं आणि व्हेनिसहून परतायचं, म्हणजे उलट्या वाटेवर दिवस वाया जात नाही. मधली गावं आगगाडीनं. वेगवान गाडीनं रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. आपल्याला बडनेऱ्याहून नागपूर गाठायला याहून जास्त वेळ लागतो. या गाड्यांची तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतात. साध्या पॅसेंजरचं कागदी तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड.

व्हिसाबद्दल काल तिघांनी विचारलं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि शेवटच्या पंधरवड्यात चालत नाही. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आम्ही त्यासाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. हिचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं भांडी, धुणी आणि तिखट-मसाल्याचा पाटा. रेषाच झिजलेल्या. काउंटरवरची मुलगी पुन्हा पुन्हा बोटं पुसून काचेवर ठेवायला सांगत होती आणि ही ओशाळून हसत होती. पाचव्या खेपेला उमटले. परतीच्या गाडीत मी तिच्या हाताकडे पाहत बसलो होतो. इतकी वर्षं पाहिला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. आपले इतिहासाचे सर. नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंच आहे. नववीत त्यांनी एकदा धडा बाजूला ठेवून सांगितलं होतं की कोल्हापूरचे एक छत्रपती फ्लॉरेन्सला वारले आणि त्यांचं दहन तिथल्या नदीकाठी झालं. मी मागच्या बाकावरून विचारलं, “सर, तिथं गोवऱ्या कोणाच्या गोठ्यातून आणल्या?” वर्ग खदखदून हसला. सर काही बोलले नाहीत. खडू ठेवला, हात झटकले, आणि पुस्तकातला धडा पुढे सुरू केला. ती गोष्ट अर्धीच राहिली. नंतर सर गेले.

गोष्ट खरी आहे. दुसरे राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले. सुएझ कालवा १८६९ साली सुरू झाला आणि १८७० मध्ये ते विलायतेला गेले. परतताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय वीस-एकवीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. तिथं प्रेत जाळण्याची रीत नव्हती, खास परवानगी घ्यावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम पाहून तिथं दहन झालं. पुढे १८७४ साली त्याच जागी छत्री उभारली, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावच ‘इंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल. त्यांची रोजनिशी पुढे छापली गेली.

मी म्हटलं, ही छत्री पाहायचीच. मुलगा म्हणाला, ती गावाच्या पार टोकाला आहे, अर्धा दिवस जाईल, त्यात उफीझीचं चित्रसंग्रहालय बसतं. मी हटलो नाही. तो चिडला. “बाबा, तुम्ही कोल्हापूरला तरी गेलात का कधी?” गेलो नव्हतो. त्या रविवारी कॉल लवकर संपला, आणि पुढचा रविवार कोरडाच गेला.

भांडण मिटवलं ते हिनं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून. आमचा फ्लॉरेन्सचा मधला दिवस सोमवार होता. सोमवारी उफीझी बंद, डेव्हिडचा पुतळा आहे ते अकादेमियाही बंद. “मंग सोमवारी काय हॉटेलात बसून रायता?” झालं, सोमवार छत्रीचा.

इटलीत काय पाहिलं ते सांगत बसत नाही, फोटो ग्रुपवर टाकले आहेत, तुम्ही अंगठेही दिले आहेत. खाण्याचं सांगतो. शाकाहारी असाल तर पार्मेजान चीज विचारून घ्या, ते वासराच्या जठरातल्या रसानं विरजतात. फ्लॉरेन्सकडचा पाव अळणी असतो, आमचा ठेचा तिथं कामी आला. रिबोल्लिता नावाचा शिळ्या पावाचा आणि घेवड्याचा रस्सा आला, तेव्हा ही म्हणाली, “ही तर फोडणीची पोळीच झाली, पातळ.” रोममध्ये पाणी विकत घेऊ नका, रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहतात. व्हेनिसला मात्र बॅग हलकी ठेवा. प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत आणि हमाल आपला मुलगाच असतो.

सोमवारी टॅक्सीनं कासिने बागेच्या टोकाला उतरलो. टॅक्सी तिथं हात दाखवून थांबत नाही, फोन करून बोलवावी लागते. आपल्याला छत्री म्हटलं की छत्री तलाव आठवतो. ही छत्री खरोखर आपल्याकडच्यासारखी, आणि आजूबाजूला सायकली, कुत्री, धावणारे लोक. ही बाकावर बसली. नात पुतळ्याचा फेटा पाहून टाळ्या वाजवू लागली. मुलगा कोरलेला मजकूर वाचत राहिला. मग म्हणाला, “मी घरून निघालो तेव्हा बावीसचा होतो, ना?” मी हो म्हटलं. थोड्या वेळानं विचारलं, “यांच्या घरी कसं कळवलं असेल, बाबा?” मी म्हटलं, तार गेली असेल, मुंबईपर्यंत समुद्राखालची तार त्याच वर्षी आली होती. तो आईशेजारी जाऊन बसला. हिनं डब्यातल्या दशम्या काढल्या.

मी संगमाच्या कडेला गेलो आणि मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाबद्दल सरांची माफी मागितली. मोठ्यानं. तिथं मराठी कोणाला कळणार होतं!

डिसेंबरात मुलगा, सून आणि नात येत आहेत. तिकिटं काढून झाली. आम्ही सगळे कोल्हापूरला जाणार आहोत. परवा त्याचा तक्ता आला: शेगाव, छत्रपती संभाजीनगर, पुणे, महाबळेश्वर, कोल्हापूर, पन्हाळा. आठ रात्री, सहा गावं. हिनं लाल पेन मागून घेतला आहे.