नागराजचे खवले कोणी काढले?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'पुण्याला सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि बाहुल्या जमवणारी' अशी करून दिली. मागच्या रांगेतली पोट्टी हसली, म्हणून आधी खुलासा करते. त्या बाहुल्या नव्हेत, अ‍ॅक्शन फिगर आहेत. बॅटमॅन, स्पायडरमॅन, वेताळ असे साठेक वीर माझ्या काचेच्या कपाटात उभे आहेत. त्यात सर्वांत लाडके पावणेचार इंची जी. आय. जो. हे सैनिक मूळ अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीचे, पण आपल्याकडे ते फनस्कूल कंपनी काढायची. साचे तिकडचे आणि रंग इकडचे, त्यामुळे काही सैनिक असे भलत्याच रंगात निघाले की आज परदेशातले संग्राहक मुद्दाम भारतीय बनावटीचे सैनिक शोधतात. लहानपणी मी ते अकोल्याला दुकानाच्या काचेबाहेरून पाहिले होते. बाळापुरात आपल्याला परवडणारा वीर एकच होता, तो म्हणजे भाड्याच्या कॉमिक्समधला.

एस.टी. स्टँडजवळची ती टपरी आठवते ना? दोरीवर कपडे वाळत घालावे तशी कॉमिक्स टांगलेली असायची. पन्नास पैसे रोज, आणि तिथेच बाकावर बसून वाचलं तर त्याहून कमी. मुलींनी त्या बाकावर बसायची पद्धत नव्हती. माझी कॉमिक्स भाऊ आणायचा आणि त्याचं कमिशन घ्यायचा. आजी विचारायची, "काय वाचून राह्यली वं पोरी?" मी सांगायची, "हिंदीचा अभ्यास." ते खोटंही नव्हतं. राज कॉमिक्स दिल्लीहून हिंदीत यायची आणि आपल्या गावात मराठी, हिंदी, उर्दू एकाच गल्लीत नांदायच्या. मोहल्ल्यातली पोरं आणि आपण, सगळ्यांचा नागराज एकच होता.

आपल्या आधीच्या पिढीकडे इंद्रजाल होतं. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका मराठीतही निघायची. १९९० मध्ये ती बंद पडली, पण जुने अंक घरोघरी फिरत राहिले. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरच्या आपल्या किल्ल्यात वेताळाची कवटीची गुहा नक्की कुठे असेल, यावर आपण भांडलेलो आहोत. मग नागराज आला १९८६ मध्ये आणि सुपर कमांडो ध्रुव १९८७ मध्ये. ध्रुवाकडे दैवी शक्ती नव्हती. सर्कशीत वाढलेला मुलगा, एक मोटारसायकल आणि डोकं. माझ्यासारख्या मुलीला तोच जवळचा वाटायचा.

आता मुद्द्याचं. ही चित्रं काढत कोण होतं? सुरुवातीच्या नागराजची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. अमर चित्रकथेतल्या राजे-ऋषींची चित्रं काढलेला हा मराठी हात नागराजच्या अंगावरचा एकेक खवला काढत होता. ध्रुव लिहिला आणि रेखाटला अनुपम सिन्हा यांनी. आधी पेन्सिल, मग शाई, मग रंग. फुग्यातली अक्षरंसुद्धा हातानं लिहिलेली असत, आणि पहिल्या पानावर 'चित्र', 'सुलेख' अशी नावं छापत. छपाईत रंग सरकला की नागराजचा हिरवा रंग रेघेबाहेर जायचा. आज भिंगातून ते पान पाहताना मला तोच सरकलेला रंग सर्वांत प्रिय वाटतो.

ही दृष्टी मला आपल्या चित्रकलेच्या सरांनी दिली. बाकाखाली वाचताना आपलं एक कॉमिक जप्त झालं आणि आता ते फाटणार म्हणून सगळा वर्ग गप्प झाला. सरांनी पान उघडलं आणि फळ्यावर ध्रुवाची उडती लाथ काढली. "पाय समोर येतो तेव्हा बूट तोंडापेक्षा मोठा दिसतो. हे यानं काढलं आहे, तुम्हाला इंटरमीजिएटच्या परीक्षेत काढता येत नाही." कॉमिक तास संपल्यावर परत मिळालं.

त्याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं तेही गमतीचं आहे. १९९१ साली 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेचा पहिला अंक निघाला, चित्रकार जिम ली. त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या. पुढे भाव येईल म्हणून लोकांनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून आज त्यांना फारशी किंमत नाही. आपली कॉमिक्स मात्र शंभर हातांतून गेली, चहा सांडला, मुखपृष्ठं गेली, रद्दीत शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या. म्हणून चांगल्या स्थितीतल्या जुन्या प्रतीला आज संग्राहक छापील किमतीच्या कितीतरी पट मोजतात. वाचून संपवलेली वस्तूच दुर्मीळ झाली.

पण मला दुसऱ्याच एका दुर्मीळ गोष्टीबद्दल बोलायचं आहे. आपल्या वर्गात एक जण वहीच्या मागच्या पानावर नागराज काढायचा. त्याचं नाव घेत नाही, तो इथेच बसला आहे आणि नाव घेतलं तर उठून जाईल. दहावीनंतर तो पेंटर झाला. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, सगळीकडे त्याचा ब्रश होता. त्याचं 'ळ' हे अक्षर मी कुठेही ओळखायची. मग फ्लेक्स आलं. चार दिवसांचं काम मशीन काही मिनिटांत करू लागलं आणि त्याचे ब्रश डब्यात गेले. आता तो दुसऱ्याच्या दुकानात फ्लेक्सचं मशीन चालवतो.

मी संगणकावरच पोट भरते, तेव्हा संगणकाला नावं ठेवणार नाही. स्वस्त पाटी मिळाली म्हणून कुणा गरिबाचं दुकान उभं राहिलं असेल, तर ते चांगलंच झालं. पण माझ्या कपाटातल्या वीरांकडे पाहताना मला कळतं की मी वीर जमवत नाही. ज्या हातांनी ते पहिल्यांदा कागदावर काढले त्या हातांची आठवण जमवते. आणि तसा एक हात आपल्याच वर्गात आहे.

म्हणून संयोजकांना एक विनंती. आज व्यासपीठामागे जो बॅनर आहे तो फ्लेक्सचा आहे, छान आहे. पुढच्या मेळाव्याचा फलक मात्र त्यानं ब्रशनं रंगवावा, आणि फुकट नाही, पूर्ण मजुरी देऊन. पहिली वर्गणी माझी. शाळेच्या परवानगीनं तो फलक नंतर चित्रकलेच्या वर्गात टांगावा, आणि खालच्या कोपऱ्यात त्याचं नाव असावं, कॉमिक्सच्या पहिल्या पानावर असायचं तसं.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुनी कॉमिक्स असतील तर रद्दीत देऊ नका, मला कळवा. भाडं पन्नास पैसे रोज, जुन्या दरानं देईन.