वरण घट्ट हवं



व्यायामशाळेत नाव घालायला आलेली शाकाहारी घरातली मुलं हमखास विचारतात, “आमच्याकडे अंडीसुद्धा चालत नाहीत. मग अंग कसं भरणार?” त्यांना मी हरियाणाच्या मास्टर चंदगीराम यांचं नाव सांगतो. १९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कुस्तीचं सुवर्णपदक जिंकणारा हा मल्ल शाकाहारी होता. शाकाहारावर ताकद कमावता येते, यात शंका नको. फक्त ताटातलं माप बदलायला हवं.

वजन उचलल्यावर स्नायूंवर ताण पडतो. ते पुन्हा बांधले जातात, अधिक बळकट होतात, ते प्रथिनांमुळे. एरवी माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅम लागतात. म्हणजे साठ किलोच्या तरुणाला रोज सुमारे ९५ ग्रॅम.

आता आपलं ताट पाहा. वाटीभर पातळ वरणात डाळ असते जेमतेम २५ ग्रॅम, आणि प्रथिनं पाच-सहा ग्रॅम. साबुदाण्याच्या खिचडीत जी काही प्रथिनं असतात, ती शेंगदाण्याच्या कुटाची; साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट.

मग ९५ ग्रॅम आणायचे कुठून? अर्धा लिटर दुधातून १६. सकाळी मूठ-दीड मूठ कोरड्या मटकीला मोड आणून केलेल्या उसळीतून १२. दोन्ही वेळच्या घट्ट वरणातून १८. दिवसभरातल्या सहा पोळ्यांतून किंवा भाकऱ्यांतून २० च्या आसपास. ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांतून १५, मूठभर शेंगदाण्यांतून १०, मोठी वाटी दह्यातून ६. झाली बेरीज, आणि यातलं सगळं वाण्याकडे आणि दूधवाल्याकडे मिळतं. प्रथिनांच्या पावडरीच्या महागड्या डब्यासाठी आईवडिलांकडे हट्ट धरू नका.

भाकरीत लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. म्हणून भाकरी-पिठलं हा व्यायाम करणाऱ्याचाही उत्तम आहार आहे. उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. दूधदुभतंही घेत नसाल, तर बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून जरूर घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनं वाढवण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्या.

आणि खुराकाबरोबर मेहनतही वाढली पाहिजे. जोर-बैठका नेमाने, वजन हळूहळू चढतं, झोप पुरेशी.

शेवटी एक कळकळीची विनंती. आता मुलीही वजनं उचलतात, आणि वय वाढेल तसे स्नायू झिजतात म्हणून आईलाही ताकदीचा व्यायाम हवा. पण घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भात येतो आणि उरलंसुरलं वरण. हे माप आधी तिच्या ताटात भरा.