सांध्यांचें दुखणें आणि छायाचित्राची साक्ष

ज्या घरांत कोणाचा तरी गुडघा किंवा कंबर वर्षानुवर्षें दुखत असते, त्या घराच्या कपाटांत एक मोठें पाकीट हटकून सांपडतें. त्यांत काळसर फिल्मा असतात, जोडीला इंग्रजी अहवाल असतो, आणि काय दुखतें हें सांगण्यापूर्वीं तें पाकीटच डॉक्टरांच्या मेजावर ठेवलें जातें. अहवालांतील दोनचार शब्द घरांतल्या सर्वांना पाठ झालेले असतात. ‘मणक्यांत गॅप आली,’ ‘गादी सरकली,’ ‘गुडघ्याचें वंगण संपलें,’ अशीं वाक्यें मग शेजारपाजारींही फिरूं लागतात. त्या शब्दांच्या धास्तीनें कोणी चालणें सोडतो, तर कोणी शस्त्रक्रियेच्या भयानें डॉक्टरांकडे जाणेंच सोडतो. उलटपक्षीं, ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर विसंबून खरा रोग आंतल्या आंत वाढूं देणारेही थोडे नसतात. दोघांची चूक एकच. छायाचित्र ही साक्ष आहे. तिलाच ते निकाल समजतात. ही साक्ष कोण देतो, त्याला काय दिसतें आणि काय दिसत नाहीं, हें जाणणें म्हणूनच प्रत्येक घराच्या हिताचें आहे.

ह्या साक्षीचा आरंभ १८९५ सालीं झाला. त्या वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं जर्मनींतील व्युर्त्सबुर्ग येथें प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन यांना एका अनोळखी किरणाचा शोध लागला. बीजगणितांत अज्ञात राशीला जें अक्षर देतात तेंच त्यांनीं ह्या किरणाला दिलें, आणि मराठींत तो ‘क्ष-किरण’ झाला. २२ डिसेंबर रोजीं त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. बोटांचीं हाडें, त्यांचे सांधे आणि एका बोटांतील अंगठी त्यांत दिसत होती. ह्या शोधाचें पेटंट राँटगेन यांनीं घेतलें नाहीं. त्यामुळें थोड्याच महिन्यांत मोडलेलीं हाडें व रुतलेल्या गोळ्या शोधण्यासाठीं देशोदेशींचे वैद्य हा किरण वापरूं लागले. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक राँटगेन यांनाच मिळालें.

क्ष-किरणांना हाडांतील चुना अडवितो. कातडें, मांस व कूर्चा त्यांना बहुतेक वाट देतात. म्हणून फिल्मवर हाड पांढरें उमटतें आणि बाकीचा भाग काळपट राहतो. सांध्यांत दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. तें फिल्मवर दिसत नाहीं. दिसते ती दोन हाडांमधील काळी पट्टी. ती पट्टी म्हणजे रिकामी जागा नव्हे, न दिसणारी कूर्चाच होय. कूर्चा झिजली म्हणजे पट्टी अरुंद होते. मणक्यांच्या मधल्या गादीचेंही असेंच आहे. तेव्हां ‘गॅप आली’ असें जेथें लोक म्हणतात, तेथें बहुधा अंतर वाढलेलें नसून कमी झालेलें असतें. गुडघ्याचें चित्र रोग्याला उभें करून घेण्याचा डॉक्टर आग्रह धरतात, त्याचेंही कारण हेंच आहे. निजलेल्या माणसाच्या गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळें झिजलेल्या सांध्यांतही पट्टी रुंद दिसूं शकते. अंगाचा भार पडला म्हणजे खरें अंतर कळतें.

मात्र हाच साक्षीदार पुष्कळ ठिकाणीं मुका असतो. पाय घसरून माणूस तळहातावर पडतो व अंगठ्याच्या मुळाशीं मनगट दुखूं लागतें. तेथें नौकेच्या आकाराचें एक लहानसें हाड असतें. त्याला गेलेला तडा पहिल्या दिवशींच्या फिल्मवर कित्येकदां दिसत नाहीं, आणि दहा ते चौदा दिवसांनीं पुन्हा चित्र काढलें म्हणजे तीच रेघ स्पष्ट उमटते. ह्या हाडाला रक्ताचा पुरवठा एकाच बाजूनें मुख्यत्वें होतो. हयगय झाली तर त्याचा एक तुकडा निर्जीव होण्याचा धोका असतो. म्हणून फिल्म स्वच्छ असतांही जो डॉक्टर मनगट बांधून ठेवतो व दोन आठवड्यांनीं परत बोलावतो, तो रोग्याला फसवीत नसून जपत असतो. संधिवाताच्या ज्या प्रकारांत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, त्यांतही आरंभीचे महिने फिल्म निर्दोष दिसूं शकते. हाडांच्या कडा कुरतडलेल्या दिसूं लागतात तेव्हां न भरून येणारी हानि होऊन गेलेली असते. मणक्याच्या क्षयाचें उदाहरण भारतांतील घरांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. हाडाचा तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतचा घटक नाहींसा होईपर्यंत साध्या फिल्मवर तो क्षय लपून राहूं शकतो.

जें क्ष-किरणांना दिसत नाहीं तें पाहण्यासाठीं निराळे साक्षीदार पुढें आले. त्यांतील एक म्हणजे सोनोग्राफी. हिच्यांत किरण नाहींत. कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीचा प्रतिध्वनि घेऊन चित्र तयार होतें. सांध्याचें सुजलेलें अस्तर, त्यांत सांचलेलें पाणी, दाहामुळें वाढलेला रक्ताचा ओघ आणि स्नायूला हाडाशीं जोडणाऱ्या कंडरा ह्या गोष्टी सोनोग्राफी दाखविते. खांदा हलत असतांनाच त्याच्या आंत काय घडतें हेंही तिला पाहतां येतें. तान्ह्या मुलाच्या खुब्याच्या बाबतींत तर तिचें महत्त्व फारच मोठें आहे. जन्मतः मांडीच्या हाडाचा गोळा कूर्चेचाच असतो, त्यामुळें क्ष-किरणांना तो दिसत नाहीं. १९८० सालीं ऑस्ट्रियांतील डॉक्टर राइनहार्ड ग्राफ यांनीं बालकांचा खुबा सोनोग्राफीनें मोजण्याची पद्धति मांडली. खुबा निसटता आहे हें मूल चालूं लागण्यापूर्वींच कळलें, तर पुष्कळदां केवळ पट्ट्यांच्या आधारानें तो जागच्या जागीं बसवितां येतो.

दुसरा साक्षीदार सी.टी. स्कॅन. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळील एका रुग्णालयांत प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें, आणि १९७९ सालीं त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. ह्यांतही क्ष-किरणच असतात. पण ते चोहोंकडून फिरवून पावाच्या कापांप्रमाणें शरीराचीं पातळ छेदचित्रें बनवितां येतात. टांच, खुब्याची खोबण किंवा मणका ह्यांचा चुरा झाला असतां कोणता तुकडा कोठें गेला हें त्यावरून कळतें. दोन निरनिराळ्या शक्तींचे किरण वापरणारें अलीकडील यंत्र तर गाउटच्या रोग्याच्या सांध्यांत बसलेले युरिक आम्लाचे स्फटिक वेगळ्या रंगांत दाखवूं शकतें. तथापि ह्या परीक्षेंत किरणांची मात्रा अधिक असते. हातापायाच्या साध्या एक्स-रेंत ती नगण्य होय. पण कमरेच्या सी.टी. स्कॅनमध्यें माणसाला निसर्गतः दोनतीन वर्षांत मिळणाऱ्या किरणांइतकी मात्रा एकदम मिळते. म्हणून ही परीक्षा हौसेनें करावयाची नव्हे.

तिसरा साक्षीदार एम्.आर्.आय्. ह्यांत प्रबळ चुंबक असतो व रेडिओच्या जातीच्या लहरी असतात. क्ष-किरण मुळींच नसतात. शरीरांतील पाणी व चरबी यांमधील हायड्रोजनच्या अणूंकडून येणारा प्रतिसाद टिपून हें चित्र उमटतें. पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं ह्या तत्त्वावर चित्र काढतां येतें हें दाखविलें, आणि २००३ सालीं पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांचा नोबेल पारितोषिकानें गौरव झाला. गुडघ्यांतील चंद्रकोरीसारख्या चकत्या, हाडास हाड बांधणारे अस्थिबंध, मणक्यांमधील गाद्या, मज्जातंतु आणि हाडाच्या आंतील सूज हें सारें ह्यांत दिसतें. मनगटाचा लपलेला तडा आणि मणक्याचा क्षय हे दोन्ही साध्या फिल्मच्या आधीं येथें उघडकीस येऊं शकतात.

इतका तीक्ष्ण साक्षीदार मिळाल्यावर वाद मिटावयास हवा होता. परंतु नवीच अडचण उभी राहिली. जें दिसतें तेंच दुखतें, असें ठरेना. १९९४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कंबरदुखी मुळींच नसलेल्या ९८ माणसांचें एम्.आर्.आय्. काढण्यांत आलें. त्यांपैकीं केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व गाद्या निर्दोष निघाल्या. ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली होती, आणि २७ टक्के लोकांची एखादी गादी बाहेर डोकावत होती. पुढें २०१५ सालीं ३,११० वेदनारहित माणसांच्या चित्रांचा एकत्रित विचार झाला. त्यांत विशीच्या वयांत ३७ टक्के व ऐंशीच्या वयांत ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज आढळली. ह्याचा अर्थ असा कीं, पुष्कळशी झीज ही पिकलेल्या केसांप्रमाणें वयाची खूण असते; तिला रोग म्हणण्याची घाई करूं नये. गुडघ्यांचीही गोष्ट हीच. १९५७ सालीं केलग्रेन व लॉरेन्स यांनीं फिल्मवरील झिजेच्या शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या ठरविल्या, व त्या आजही वापरांत आहेत. पण वरच्या पायरीचे कित्येक गुडघे खुशाल जिने चढतात, आणि खालच्या पायरीचे कित्येक रात्रभर झोंप लागूं देत नाहींत.

मग ही साक्ष निरुपयोगी आहे काय? मुळींच नाहीं. साक्षीचें मोल इतर पुराव्याशीं ती जुळण्यांत आहे. उजव्या पायांत एका ठराविक मज्जातंतूच्या वाटेनें कळ उतरते, त्याच वाटेवर बधिरता आहे, आणि चित्रांतही गादी नेमक्या त्याच मज्जातंतूवर, त्याच बाजूला टेकलेली आहे; असें झालें म्हणजे निदान पक्कें होतें. हाच न्याय चित्र काढावें कीं नाहीं हें ठरवितांनाही लागतो. पाय मुरगळला कीं एक्स-रे, ही सर्वत्र चाल होती. कॅनडांतील ऑटवा येथें इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९२ सालीं त्यासाठीं साधे नियम दिले. घोट्याभोंवतीं दुखत असून दोहोंपैकीं एखाद्या घोट्याच्या हाडाच्या टोकावर किंवा मागील कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरांत, दाबल्यावर दुखत असेल, अथवा रोग्याला दुखापतीच्या वेळीं व तपासणीच्या वेळींही चार पावलें टाकतां येत नसतील, तर चित्र घ्यावें; एरवीं प्रौढ माणसाच्या घोट्यासाठीं त्याची सहसा गरज नाहीं. येथें डॉक्टरांचीं बोटें आणि रोग्याचीं चार पावलें यंत्रापूर्वींच बरेंच सांगून जातात.

साधी कंबरदुखी बहुधा सहा आठवड्यांच्या आंत ओसरते, व तोंवर चित्राची आवश्यकता नसते. परंतु पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, विसावा घेतला तरी रात्रीं वेदना थांबत नसेल, पूर्वीं कर्करोग झालेला असेल, किंवा वृद्ध माणूस पडल्यानंतर दुखूं लागलें असेल, तर विलंब करूं नये. लघवी वा शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायांतली शक्ति जाऊं लागली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तेथें कांहीं तासांचा उशीरही जन्माचें पंगुत्व आणूं शकतो. तापलेलें मूल पायावर भार देईनासें झालें, तर तेंही तसेंच तांतडीचें समजावें.

रोग्याकडे व त्याच्या घरच्यांकडेही ह्या कामांत थोडें कर्तव्य उरतेंच. कोठें दुखतें, कशानें वाढतें, सकाळीं सांधे किती वेळ आंखडलेले राहतात, हें डॉक्टरांना आधीं सांगावें व पाकीट नंतर उघडावें. जुन्या फिल्मा टाकूं नयेत. कालच्या चित्राशेजारीं आजचें चित्र ठेवलें म्हणजे दोहोंमधला फरक बोलूं लागतो. गर्भारपण असल्यास क्ष-किरणांपूर्वीं, आणि हृदयांत पेसमेकर किंवा डोळ्यांत धातूचा कण असल्यास एम्.आर्.आय्.पूर्वीं, तें न विसरतां सांगावें. आणि एक प्रश्न अदबीनें अवश्य विचारावा: ‘हें चित्र काढल्यानें उपचारांत काय फरक पडेल?’ त्याचें स्पष्ट उत्तर मिळालें, तर खर्च व त्रास दोन्ही सार्थकीं लागतील. आणि ‘कांहींच फरक पडणार नाहीं’ असें उत्तर आलें, तर तेवढे पैसे वांचवून स्नायूंना बळ देणारा व्यायाम शिकावा. झिजलेल्या गुडघ्याला त्याचाच आधार अधिक होतो.